अर्थ अनिश्चित

आमच्या सरांना कोणी "कसे आहात?" असं विचारलं, तर ते खरं उत्तर देत. पहिल्या दिवशी मला हे ठाऊक नव्हतं. पेडण्याहून दोन बसगाड्या बदलून मुलाखतीला आले होते, घाबरले होते, आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारून बसले. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डाव्या गुडघ्यापासून सुरुवात केली. गुडघा, झोप, पोट आणि एका परदेशी नियतकालिकाने परत पाठवलेला लेख, एवढं सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले, "आता तुम्ही सांगा." मी म्हटलं, बरी आहे. "एवढंच?" त्यांनी विचारलं, आणि थोडे निराश झाल्यासारखे दिसले. नोकरी मात्र मला मिळाली. बाकीच्या उमेदवारांनी तो प्रश्न विचारलाच नव्हता, हे मागाहून कळलं.

प्रयोगशाळा पणजीजवळच्या एका पठारावर होती. तिथे मी सात वर्षं काढली. सर सगळ्यांना "तुम्ही" म्हणत. झाडणाऱ्या बाईंना, संचालकांना, व्हरांड्यात झोपणाऱ्या मांजरालाही. मांजर बाजूला व्हायला हवं असेल तर "जरा उठता का?" म्हणत, आणि ते उठेपर्यंत थांबत.

त्यांचा आवडता शब्द होता "पुन्हा". प्रयोग बिघडला की पुन्हा करा, हे समजू शकतं. सरांच्या मते जमलेला प्रयोग जास्त संशयास्पद असे, त्यामुळे तोही पुन्हा. एकदा मी चहा केला. सरांनी एक घोट घेतला, फार चांगला झालाय म्हणाले, आणि कप बाजूला ठेवून दुसरा करायला सांगितला. दुसरा तसा झाला नाही. त्यांनी दोन्ही कप शेवटपर्यंत प्यायले आणि पहिला योगायोग होता असा निष्कर्ष काढला.

त्यांचं सगळं आयुष्य एका प्रथिनात गेलं होतं. त्या प्रथिनाला धड नाव नव्हतं. स्कूटरच्या नंबरासारखी अक्षरं आणि आकडे होते. आम्ही त्याला "तो" म्हणायचो. जगात त्यावर काम करणारी सगळी माणसं एका रिक्षात मावली असती. त्यातल्या दोघांशी सरांचं भांडण होतं, त्यामुळे रिक्षा निघाली नसती.

तू तिथे नेमकं काय करतेस, असं माझ्या आईने विचारलं तेव्हा मी तिला सांगितलं होतं, की आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत मायटोकाँड्रिया नावाच्या बारीक बारीक चुली असतात. अन्न जाळून शरीराला ताकद तिथे मिळते. या चुलींचे काही भाग चुलीच्या आतच घडवले जातात, आणि ते घडवणारं यंत्र म्हणजे रिबोसोम. ते यंत्र पुष्कळ तुकडे जोडून उभं राहतं. आमचा "तो" ते तुकडे जोडायला मदत करतो, आणि यंत्र उभं राहिलं की त्यातून बाहेर पडतो. तयार यंत्रात तो सापडत नाही. म्हणून कित्येक वर्षं तो असल्याचाच कोणाला पत्ता नव्हता. आई म्हणाली, आणि एवढ्यासाठी तुम्हाला पगार देतात.

सरांना मात्र त्याच्या या निघून जाण्याचं फार कौतुक होतं. स्वतःही तसेच वागत. लग्नाला गेले की अक्षता टाकून, जेवून, फोटोची रांग लागण्याआधी बसस्टॉपवर.

माणसांशी, म्हणजे आजारी माणसांशी, त्यांनी कधी संबंध ठेवला नव्हता. "मी डॉक्टर आहे, पण त्यातला नाही," असं ते बजावून सांगत. म्हणून लाटंबार्सेचं ते कुटुंब आमच्या दारात उभं राहिलं, तेव्हा मला वाटलं, सर त्यांना दोन वाक्यांत परत पाठवतील.

चौघं होती. सुरेंद्र हा डिचोलीच्या एका कारखान्यात पाळीवर जाणारा तरुण, त्याची बायको दीक्षा, सुरेंद्रची आई मुक्तामावशी, आणि दीक्षाच्या खांद्यावर आठ महिन्यांची दूर्वा. दूर्वाचं वजन वाढत नव्हतं, मान धरत नव्हती, हृदयाचा स्नायू जाड होत चालला होता आणि रक्तात आम्ल साठत होतं. इस्पितळातल्या डॉक्टरांनी बाहेरच्या शहरात जनुकांची तपासणी करून घेतली होती. त्या अहवालात खाली एक ओळ होती: अमुक जनुकाच्या दोन्ही प्रतींत एक बदल आढळला, अर्थ अनिश्चित. ते जनुक आमच्या "तो"चं होतं. डॉक्टरांना कुठूनतरी सरांचं नाव कळलं आणि त्यांनी चिठ्ठी देऊन पाठवलं.

सरांनी अहवाल तीनदा वाचला. मग खुर्ची दीक्षासमोर ओढून दूर्वाकडे पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही कशा आहात?" दूर्वा हसली. ती कोणाकडेही पाहून हसायची, हे पुढे कळलं. सरांना तेव्हा ते माहीत नव्हतं.

तिच्या त्वचेचा एक छोटा तुकडा घेऊन पेशी वाढवायच्या, आणि हा बदल खरंच आजार करतो का ते पाहायचं, असं ठरलं. नैतिकता समितीची परवानगी आली, मग पालकांची संमती. संमतीपत्र सरांनी स्वतः मराठीत लिहून काढलं होतं. ते त्यांनी मोठ्याने वाचलं आणि प्रत्येक ओळीनंतर "समजलं?" असं विचारत राहिले. नवव्या ओळीला ते थांबले आणि म्हणाले, "या अभ्यासाचा तुमच्या मुलीला उपयोग होईल असं मला वाटत नाही. आम्हाला उत्तर मिळेल. तिला औषध मिळणार नाही."

मी टेबलाखालून त्यांच्या चपलेवर पाय ठेवला. सर म्हणाले, "तुमचा पाय माझ्या पायावर आला आहे."

दीक्षाने सही केली. नंतर जिन्यात मला म्हणाली, इतक्या महिन्यांत एवढा एकच माणूस खरं बोलला.

दीक्षा बोलायची कमी. तिच्या वाट्याचं बोलणं मुक्तामावशी करायच्या. गेल्या कित्येक पिढ्यांत आमच्या घरात असलं मूल जन्माला आलं नाही, हे त्या मला पहिल्या अर्ध्या तासात चारदा म्हणाल्या. त्यांनी देवळात कौल घेतला होता. दीक्षाच्या माहेरच्यांनी गावच्या राखणदार देवचाराला द्यायचा रोट चुकवला, त्याचं हे फळ, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं, आणि ते दीक्षाला दिवसातून एकदा तरी ऐकवलं जात होतं. सरांनी दूर्वाच्या आईवडिलांचं रक्त मागितलं, तसा मावशींनी स्वतःहून हात पुढे केला.

"माझां पण रगत घेवा," त्या म्हणाल्या. "आमच्यात असलां कांय नाय, तां सगळ्यांक कळूं दे."

त्याची गरज नाही, मुलाचं घेतलं की पुरे, असं सरांनी सांगून पाहिलं. मावशी ऐकेनात. मग सरांनी त्यांनाही ते सगळं पत्र पहिल्यापासून वाचून दाखवलं, समजलं का विचारत. नळ्यांवर नाव लिहायचं नसतं, फक्त आकडा. तो नियम सरांनी पाळला. पण त्यांच्या वहीत दूर्वाच्या आकड्यासमोर मी वाचलं: मुलगी, आठ महिने, हसते.

पेशी वाढल्या, जपून गोठवून ठेवल्या, आणि गणपतीची चवथ आली. चवथीला गोव्यात कोणी कामावर नसतं. मी पेडण्याला घरी होते. दुसऱ्या दिवशी सकाळी, आरतीच्या आधी, सरांचा फोन आला. पठारावरची वीज गेली होती, जनरेटर सुरू होत नव्हता, पेशी ठेवलेला फ्रीझर हळूहळू कोमट होत चालला होता. द्रव नायट्रोजनची आमची टाकी रिकामी होती, आणि ती भरणारा माणूस गावी गणपतीला गेला होता. हे सगळं सांगून सर म्हणाले, "तीन वर्षांपूर्वी तुम्ही म्हणाला होतात, तुमचे मामा गुरांच्या दवाखान्यात आहेत."

मामा गायींना कृत्रिम रेतन करायचा. बैलाचं वीर्य द्रव नायट्रोजनमध्ये ठेवावं लागतं, म्हणून एक टाकी कायम त्याच्या ताब्यात असे. हे मी बोलता बोलता कधी बोलले होते, मला आठवतही नव्हतं.

दीड तासाने सर स्कूटरवरून आमच्या अंगणात आले. फ्रीझरमधले बर्फाचे जेवढे पुडे मिळाले तेवढे त्यांनी थर्माकोलच्या एका पेटीत भरले होते आणि मधोमध दूर्वाच्या पेशींच्या नळ्या ठेवल्या होत्या. पेटी कुठून मिळाली असेल ते वासावरून कळत होतं. घरात गणपती बसलेला, दारात बांगड्याच्या वासाची पेटी. आई उंबऱ्यावरच आडवी आली.

"यात मासे नाहीत," सर म्हणाले. "यात एक लहान मुलगी आहे."

आईने भिंत धरली. मी पुढे होऊन समजावलं, पण ती त्यानंतर पेटीपासून दहा हात लांबच राहिली. सर अंगणातच थांबले. आईने पानावर करंज्यांसारख्या नेवऱ्या आणून दिल्या, त्या त्यांनी उभ्यानेच खाल्ल्या, पेटीवर एक हात ठेवून.

मामाचं घर पुढच्या वाड्यावर होतं. तोही सोवळ्यातच होता. त्याने टाकी उघडली, पांढरी वाफ जमिनीवर पसरली, आणि नळ्या आत सोडण्याआधी त्याने नोंदवहीसाठी सवयीने विचारलं, "जात खंयची?"

"माणूस," सर म्हणाले.

मामाने तसं लिहिलं. पाच दिवस दूर्वाच्या पेशी एका जर्सी बैलाशेजारी राहिल्या. परत आणून वाढवल्या, तर जवळजवळ सगळ्या जिवंत होत्या. मामा अजून ती नोंद लोकांना दाखवतो.

मग खरं काम सुरू झालं. पेशींना नेहमीची साखर दिली की आजारी पेशीसुद्धा कशाबशा जगतात, कारण त्या चुलीशिवायही थोडी ताकद काढू शकतात. एक दुसरी साखर असते, गॅलॅक्टोज. ती दिली की चूल पेटवावीच लागते. निरोगी पेशी पेटवतात. दूर्वाच्या पेशी तीन दिवसांत मेल्या. मी दाखवायला नेल्या. सर सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "पुन्हा." पाच वेळा केलं, पाचही वेळा मेल्या. मग त्या पेशींत जनुकाची चांगली प्रत घालायची, आणि त्या वाचतात का पाहायचं, एवढं उरलं होतं. तेच सगळ्यात अवघड होतं. त्यात हिवाळा गेला.

काजूला मोहोर आला तेव्हा सुरेंद्रचा फोन आला. दूर्वा गेली होती. सरांनी ऐकून घेतलं, "तुम्ही स्वतः सांगितलंत, बरं केलंत," म्हणाले आणि फोन खाली ठेवला. मग हात धुतले, पेशींचं कपाट उघडलं आणि तिच्या पेशी ज्यात वाढत होत्या ते पोषक पाणी बदललं. तो दिवस पाणी बदलायचा होता. मी शेजारी उभी होते. भिंगाखाली त्या पेशी पसरून, एकमेकींना चिकटून वाढत होत्या. त्यांना काही कळवलेलं नव्हतं.

मी विचारलं, आता पुढे करायचं का.

"आता जास्त," सर म्हणाले. त्या दिवशी ते डबा न उघडता घरी गेले.

तीन आठवड्यांनी मी पहाटेच्या बसने येऊन कपाट उघडलं. चांगली प्रत मिळालेल्या दूर्वाच्या पेशी गॅलॅक्टोजमध्ये जिवंत होत्या. तिसऱ्या दिवशी जिवंत, चौथ्या दिवशी जिवंत. रिबोसोमचे तुकडेही जागेवर बसलेले सापडले. सरांनी पुन्हा करायला लावलं, अर्थातच, आणि मग तपासणी करणाऱ्या त्या बाहेरच्या संस्थेला सगळे पुरावे पाठवले. त्यांनी अहवाल बदलून दिला. "अर्थ अनिश्चित" या शब्दांच्या जागी "रोगकारक" आलं. मी आयुष्यात इतक्या वाईट शब्दाची इतकी वाट पाहिली नव्हती.

त्याच पाकिटात रक्ताचे निकाल होते. सुरेंद्रमध्ये एक बिघडलेली प्रत, दीक्षामध्ये एक. आणि मुक्तामावशींमध्ये एक.

हे टपालाने कळवायचं नाही, असं सर म्हणाले. एका रविवारी मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून लाटंबार्सेला नेलं. अंगणात काजूबिया वाळत होत्या. ओसरीवर सुरेंद्र आणि त्याचा थोरला काका बसले होते. दीक्षा स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती. मूल गेल्यापासून ती माणसांत येऊन बसत नाही, असं सुरेंद्रने हळूच सांगितलं. सरांनी बसायच्या आधीच मुक्तामावशींना म्हटलं, मला तुमच्याशी एकटीशी बोलायचंय. मावशी माझ्याकडे बोट दाखवत म्हणाल्या, ही पोरगी येऊं दे. आम्ही तिघं परसात गेलो.

"तुमच्या रक्ताचा निकाल आला आहे," सर म्हणाले. "तो फक्त तुमचा आहे. ऐकायचा असेल तर सांगतो. नसेल तर परत नेतो."

"सांगा. आमच्यात कांय नाय, तां माका खबर आसा."

"आहे," सर म्हणाले.

मावशी बाल्दी उचलायला वाकल्या होत्या, तशाच थांबल्या. सरांनी थोडक्यात सांगितलं. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. मावशींची एक बिघडलेली, ती सुरेंद्रमध्ये उतरली. दीक्षाला तिच्या घरातून तशीच एक मिळाली. दोन्ही बिघडलेल्या एकाच मुलात आल्या. फक्त दीक्षाची आली असती, तर दूर्वा आज चालत असती.

मावशी बाल्दी सोडून ताठ उभ्या राहिल्या. मग विचारलं, "म्हणजे माझ्यामुळां गेलां तां चेडू?"

दुसरा कोणीही असता तर नाही म्हणाला असता. मीही तोंड उघडलं होतं. सरांनी विचार केला.

"अर्धं तुमच्याकडून आलं, अर्धं दीक्षाकडून," ते म्हणाले. "दोष कोणाचाच नाही. तुम्हाला ते दिसत नव्हतं. तुमची दुसरी प्रत चांगली आहे, आणि एक चांगली पुरते. म्हणून तुम्ही जन्मभर डोक्यावरून ओझी वाहिलीत आणि तुम्हाला पत्ता लागला नाही."

"कोणाक सांगलां हें?"

"कोणाला नाही. सांगणारही नाही. घरात मी एवढंच सांगेन की दोन्हीकडून आलं. तुमचे यजमान आता नाहीत. लोक त्यांच्याकडून आलं असं समजतील. मी ते खोडून काढणार नाही."

मावशींनी पदराने तोंड पुसलं, बाल्दी तशीच ठेवली आणि आमच्या आधी घरात गेल्या.

सरांनी ओसरीवर सगळ्यांना समजावलं, आणि झालं तसंच. काका मान हलवत म्हणाले, की म्हणजे सुरेंद्रकडे ते बापाकडून आलं असणार. आमचा भाऊ तसा मूळचाच नाजूक.  सरांनी आपल्या चपलांकडे पाहिलं. गप्प राहणं त्यांना किती जड जात होतं, ते मला दिसत होतं.

"ताचां नांव घेवं नका," मुक्तामावशी म्हणाल्या. "तां माझ्याकडसून आयलां. माझ्या रगतांत सांपडलां."

 मावशींनी दाराकडे पाहिलं. क्षमा वगैरे त्या मागणार नव्हत्या. मागता येणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. त्यांनी आपल्या बाजूची खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाल्या, "दीक्षा, हांगा येवन बस."

दीक्षा आली आणि बसली. मग दोघी एकाच वेळी रडायला लागल्या. सर उठले, अंगणात गेले आणि काजूबिया पाहत उभे राहिले. त्यांचं काम झालं होतं. पण त्या दिवशी ते निघाले नाहीत. जेवायला वाढेपर्यंत थांबले, आणि सोलकढी तीनदा घेतली.

पंधरा दिवसांनी आमच्या व्हरांड्यात अकरा माणसं बसलेली मला दिसली. मुक्तामावशींनी दोडामार्गकडच्या आपल्या माहेरची सगळी मंडळी मिनीबसने आणली होती. भाऊ, भावांची मुलं, लग्नाच्या वयाच्या पुतण्या. घरोघर जाऊन त्यांनी सांगितलं होतं की हे आपल्या घरातलं आहे, रगत तपासून घ्या आणि मग लग्नं ठरवा. सरांनी समितीकडून रीतसर परवानगी घेतली, आणि ते दोन पानी पत्र प्रत्येकाला वेगळं, दार लावून वाचून दाखवलं. अकरा वेळा. संध्याकाळी त्यांचा आवाज बसला होता. मावशी व्हरांड्यात बसून बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला विचारत होत्या, समजलां मरे?

पुढच्या वर्षी दीक्षाला दिवस गेले. या खेपेला तिसऱ्या महिन्यातच तपासणी करता येणार होती, कारण आता काय शोधायचं ते माहीत होतं. नमुना बाहेरच्या शहरात गेला. निकाल इस्पितळात यायचा होता आणि तो तिथल्या डॉक्टरांनी समजावायचा होता. पाकीट आलं, डॉक्टरांनी समजावलं, सगळं ठीक आहे म्हणाले, आणि तरीही मुक्तामावशी सुनेला आणि मुलाला घेऊन थेट पठारावर आल्या. त्यांना ते सरांकडून ऐकायचं होतं. सर कोणाला बरं वाटावं म्हणून काही बोलत नाहीत, एवढी त्यांना खात्री होती.

सरांनी अहवाल खिडकीपाशी नेऊन वाचला. मग टेबलाशी येऊन बसून परत पहिल्यापासून वाचला. दीक्षा सुरेंद्रचा हात धरून बसली होती.

"एक प्रत बिघडलेली आहे," सर म्हणाले. "एक चांगली आहे."

"म्हणजे माझ्यासारखां?" मावशींनी विचारलं.

"हो. तुमच्यासारखंच."

मावशी खुर्चीत मागे टेकल्या. त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांना स्वतःचा अभिमान वाटत होता. "मग शंभर वर्सां जगतलां तां," त्या म्हणाल्या.

सरांनी चष्मा काढला. खिडकीबाहेर पाहिलं. त्यांच्या डोक्यात काहीतरी गणित चाललं होतं आणि ते जुळत नव्हतं, हे मला कळत होतं. मी टेबलाखालून पाय पुढे केला नाही.

"शंभराचं मला सांगता येणार नाही," शेवटी ते म्हणाले. "पण नव्वदला हरकत नसावी."